एक बाग मिळावा

भालचंद्र टिपणीसांनी पालिकेकडे उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली. ती काही फार मोठी नव्हती. चार माणसं बसतील असा एक बाक. तो त्यांना अजून मिळालेला नाही. त्याऐवजी काय मिळालं, आणि ते मिळता मिळता टिपणीसांच्या शुद्ध मराठीची काय अवस्था झाली, हे कुणीतरी सांगायला हवं. टिपणीस स्वतः सांगणार नाहीत. अर्धं पनवेल त्यांना 'बागवाले काका' म्हणतं आणि ते मान डोलावून पुढे जातात.

सगळ्याचं मूळ विनिताबाईंच्या गुडघ्यांत होतं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं, डॉक्टर तर स्वतःवरच खूश होते. रोज चाला, म्हणाले. विनिताबाई चालत होत्याही. सोसायटीच्या फाटकापासून समोरच्या मोकळ्या भूखंडावरच्या करंजाच्या झाडापर्यंत दोनशे पावलं, तिथवर त्या आरामात जात. पुढे मात्र पाय भरून येत आणि कुठेतरी पाच मिनिटं टेकल्याशिवाय पाऊल उचलत नसे. आणि त्यांना जायचं होतं ते पुढेच. करंजापासून आणखी दोनशे बारा पावलांवर मुनाफभाईंचं स्टेशनरीचं दुकान होतं आणि दुकानाला लागून घर. ही पावलं टिपणीसांनी स्वतः दोनदा मोजली होती. दुसऱ्यांदा दोनशे अकरा भरली, तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा मोजून खात्री करून घेतली.

मुनाफभाईंची बायको सकीना ही विनिताबाईंची तीस वर्षांची मैत्रीण. एक दिवस हिच्याकडे चहा, एक दिवस तिच्याकडे, असा त्या दोघींचा रिवाज. ऑपरेशनपासून सकीनाच येत होती. त्यात वाईट काही नव्हतं. पण एका संध्याकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता विनिताबाई म्हणाल्या, "आठ महिने झाले, मीच चहा करतेय. मला कुणाच्या तरी घरी जाऊन आयता चहा प्यायचाय."

एवढंच म्हणाल्या आणि साखरेच्या डब्याकडे वळल्या. टिपणीसांनी ते मनावर घेतलं. एरवी बायकोचं बोलणं मनावर घेणारा हा माणूस नव्हे, पण त्या वाक्यात कुठलाच आरोप नव्हता आणि त्यामुळेच ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

पहिला उपाय म्हणून त्यांनी घडीचं स्टूल आणलं आणि ते काखेत मारून बायकोमागून चालू लागले. दोन दिवसांनी विनिताबाईंनी ते बंद करवलं. नवरा स्टूल घेऊन मागे येतोय म्हटल्यावर लोकांना वाटतं मी कुठेतरी उपोषणाला बसायला चाललेय, असं त्यांचं म्हणणं. रिक्षावाल्याला चारशे पावलांचं भाडं सांगितल्यावर त्याने नुसतं पाहिलं. मग मुनाफभाईंनी दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची करंजाखाली नेऊन ठेवली. ती दुसऱ्याच दिवशी गेली आणि आठवड्याने पलीकडच्या गावातल्या एका हळदीच्या मांडवात सापडली, तेव्हा तिच्यावर नवऱ्या मुलाची आत्या बसली होती. आत्याला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हा आता कायमचा, लोखंडी, जमिनीत गाडलेला बाक हवा, आणि तो पालिकेनेच द्यायला हवा, असं टिपणीसांनी ठरवलं. अर्ज करायचं ठरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. पाटबंधारे खात्याच्या आवक-जावक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. तिथे त्यांनी धरणं बांधली नाहीत, पण धरणांविषयीच्या पत्रांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. 'सुचना'ला त्यांनी 'सूचना' केलं, 'विनंति'ला 'विनंती' केलं, आणि एका कार्यकारी अभियंत्याला भर बैठकीत 'तांत्रीक' मान्यतेतली तांत्रिक चूक दाखवली. त्यानंतर त्यांची बढती दोन वर्षं रखडली, तरी त्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही.

अर्ज आता मोबाइलवरूनच करायचा असतो, हे त्यांना मुनाफभाईंच्या दुकानात कळलं. मुनाफभाई वीस वर्षं कुवेतला राहून आलेले, कागदपत्रांत मुरलेले. त्यांनी पहिला सल्ला दिला तो फार मोलाचा होता. "टिपणीससाहेब, मेहेरबानी करा आणि साधं 'बेंच' लिहा. समोरच्याला समजलं पाहिजे."

टिपणीस म्हणाले, मराठीत बाक असा अस्सल, दोन अक्षरी शब्द असताना बेंच का म्हणून लिहायचं? बाकावर बसून आपण शाळा शिकलो, बेंचवर नव्हे. मुनाफभाई म्हणाले, आम्ही उर्दू शाळेत खाली बसून शिकलो, तेव्हा आमचं काही म्हणणं नाही. आणि त्यांनी मोबाइलमधलं माइकचं चिन्ह दाखवलं. हे दाबा आणि बोला, तो लिहून घेईल.

टिपणीस बोलले. भरल्या दुकानात, खणखणीत आवाजात, पूर्णविरामाच्या जागी क्षणभर थांबून बोलले. 'आमच्या सोसायटीसमोरील मोकळ्या भूखंडावर करंजाच्या झाडाखाली ज्येष्ठ नागरिकांसाठी एक बाक मिळावा, ही विनंती.' वह्या घ्यायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा गप्प उभी राहिली. फोनने सगळं लिहून घेतलं. फक्त 'करंजाच्या' ऐवजी 'करंजीच्या झाडाखाली' असं लिहिलं आणि 'ज्येष्ठ'चा 'ज्येष्ट' केला. टिपणीसांना अत्यानंद झाला. त्यांनी ती करंजी काढली, 'ज्येष्ट'चा 'ज्येष्ठ' केला, 'विनंती'ची वेलांटी तपासली, सगळा मजकूर चार वेळा वाचला आणि पाठवून दिला. यंत्राला मराठी येत नाही, असं त्यांनी घरी येऊन विनिताबाईंना सांगितलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पालिकेने आपल्या बागेच्या मागणीची दखल घेतली असून प्रस्ताव प्रभाग समितीच्या सभेपुढे ठेवण्यात येत आहे, त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात आल्या आहेत.

टिपणीसांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि ते तडक पालिकेच्या उद्यान विभागात जाऊन थडकले. टेबलामागे एक तरुण मुलगी बसली होती. समोर पाटी होती, 'दिपिका घरत, कनिष्ठ अभियंता'. 'दि' ऱ्हस्व. टिपणीसांना ते खटकलं, पण ते पत्रावरून भांडायला आले होते, आणि एका वेळी एकच भांडण करावं असा त्यांचा नियम होता. त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि विचारलं, की एका साध्या शब्दाचा तुमच्या कार्यालयात कुणी असा खेळखंडोबा केला?

दिपिका घरतने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे त्यांचाच अर्ज होता. त्यांच्या नावाने, त्यांच्या फोनवरून, त्यांच्या वेलांटीसकट. 'एक बाग मिळावा, ही विनंती.'

टिपणीस पाहत राहिले. चार वेळा वाचलं होतं. पण ते वाचलं होतं ऱ्हस्व-दीर्घासाठी, आणि 'बाग' या शब्दात ऱ्हस्व-दीर्घ चुकायला जागाच नाही. त्यांची नजर त्या शब्दावरून चारही वेळा घसरून पुढे गेली होती.

"आणि काका, बाग स्त्रीलिंगी ना?" दिपिका अगदी नम्रपणे म्हणाली. "तुम्ही 'बाग मिळावा' लिहिलं होतं. प्रस्तावात मी 'मिळावी' केलं. तेवढी दुरुस्ती केली, राग नसावा."

चौतीस वर्षांत भालचंद्र टिपणीसांचं लिंग कुणी दुरुस्त केलं नव्हतं. ते समोरच्या खुर्चीत बसले. जुन्या मराठीत बाग पुल्लिंगीही चालतो, असं काहीतरी ते पुटपुटले, पण त्यात दम नव्हता, आणि मुळात तो मुद्दाही नव्हता. दिपिकाने त्यांना पाणी दिलं. तिच्या पाटीविषयी ते काही बोलले नाहीत, तरी तिनेच त्यांच्या नजरेचा रोख ओळखून सांगितलं, की जन्माच्या दाखल्यावर तसंच लिहिलंय, चिरनेरच्या ग्रामसेवकाची कृपा, आता आयुष्यभर ऱ्हस्वच.

शेवटी टिपणीसांनी खालच्या आवाजात खरं काय ते सांगितलं. गुडघे, दोनशे पावलं, सकीना, आयता चहा. दिपिकाने सगळं ऐकून घेतलं आणि मग कारभार समजावून सांगितला. बाक हा उद्यान विभागाचा. उद्यान विभागाचा बाक उद्यानातच बसवता येतो. तो भूखंड उद्यान नाही. म्हणजे नुसता बाक मागितला असतात तर अर्ज फेटाळला गेला असता. आता बाग झाली की बाक आपोआप येईल. "एका अर्थाने काका, तुमची चूकच बरोबर आहे," ती म्हणाली.

त्या वाक्याने टिपणीसांना आणखी वाईट वाटलं. पण युक्तिवादात खोट नव्हती. त्यांनी अर्ज तसाच ठेवला आणि ते घरी आले.

घरी येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. टिपणीसांनी बाग मागितली आणि पालिकेने मंजूर करायला घेतली, म्हणून सोसायटीने त्यांचा सत्कार ठेवला. शाल आणि नारळ देण्यात आला. अध्यक्षांनी भाषणात त्यांना 'दूरदृष्टीचा माणूस' म्हटलं. टिपणीस उठून खरं सांगणारही होते, पण एकदा खांद्यावर शाल पडली की माणूस खरं बोलायला कचरतो. त्यांनी हरित पनवेल या विषयावर चार शब्द बोलून वेळ मारून नेली. विनिताबाई पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. त्या बघण्याविषयी टिपणीस पुढे कधीही बोलले नाहीत.

मग सूचना सुरू झाल्या. बागेत काय असावं हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सगळे सांगू लागले. एकाला उघड्यावरची व्यायामशाळा हवी होती, एकाला योगासनांचा कट्टा, एकाला फुलपाखरांसाठी झुडपं. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना कारंजं हवं होतं, तेही रंगीत दिव्यांचं. कुत्रेवाल्यांना कुत्र्यांसाठी कोपरा हवा होता आणि बिनकुत्रेवाल्यांना कुत्र्यांना बंदी हवी होती, आणि त्यावर आठ दिवस एवढी बोलाचाली झाली की दोन कुटुंबांचं येणंजाणं तुटलं. बाक हवा असं कुणीच म्हणालं नाही. गटावरच्या सगळ्यांना बसायला घरी सोफे होते.

आणि एका सकाळी बुधाजीशेठ दारात उभे राहिले. भूखंडाच्या पलीकडे जे मूळ गाव, तिथले हे जुने शेतकरी. शेतं गेली, मिठागरं गेली, त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या दोन त्यांच्याच. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, पण चपला दाराबाहेर नीट जोडून काढलेल्या.

"काका, तुमी आमाला एकदा इचारायचं व्हतं," ते बसता बसता म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे टिपणीसांना जास्त लागलं. "आमची हलद तिकडंच व्हते. थंडीची पोपटी तिकडंच लागते. येकच मैदान रायलंय गावाला. त्यात तुमी कारंजा बसवनार. मग आमी पोपटी काय कारंज्यात लावायची?"

टिपणीस पर्यावरण, शुद्ध हवा, पुढची पिढी असं काहीबाही बोलू लागले. पोपटी म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दरवर्षी थंडीत त्या मैदानात मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून मडकं विस्तवात उलटं ठेवतात, आणि त्यातल्या शेंगांचा पहिला वाटा बुधाजीशेठकडून टिपणीसांच्या घरी येतो. तीस वर्षं येत होता. त्या शेंगा टिपणीसांना आत्ता एकेक आठवल्या. इतक्यात विनिताबाई भिंतीला धरत धरत चहा घेऊन बाहेर आल्या. बुधाजीशेठ झटकन उठले आणि ट्रे त्यांच्या हातातून घेतला. ताई, तुमी कशाला, म्हणाले. विनिताबाई ट्रे देऊन खुर्चीत टेकल्या. ते गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सरळ विचारलं, "एका बाकासाठी त्यांचं मैदान घेणार आहात का? तसला बाक मला नकोय. सांगून टाका."

टिपणीसांनी सांगून टाकायचं ठरवलं. दोन अक्षरी शब्दातली चूक होती, तीही एकाच अक्षराची, मान्य करायला किती वेळ लागतो? प्रत्यक्षात त्याला सभेचा दिवस उजाडावा लागला.

सभागृह भरलेलं होतं. सोसायटीची मंडळी डावीकडे, गावची मंडळी उजवीकडे, मध्ये मोकळी वाट, लग्नात दोन्हीकडची वऱ्हाडं बसतात तशी. सभापती शांत स्वभावाचे होते. त्यांनी व्यायामशाळा ऐकून घेतली, फुलपाखरं ऐकून घेतली, कुत्रे दोन्ही बाजूंनी ऐकून घेतले. बुधाजीशेठनी गावाची हरकत नोंदवली. मग मूळ अर्जदाराचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. टिपणीस माइकपाशी गेले. तो माइक बहुधा खूप सभा ऐकून दमलेला होता. त्यातून प्रत्येक शब्द घोंगडीआडून आल्यासारखा येत होता.

"मला बाग नको होती," टिपणीस म्हणाले. "मला बाक हवा होता."

माइकमधून दोन्ही वेळा 'बाग'च बाहेर पडलं. सभापतींनी पुढे झुकून विचारलं, की नक्की नको होती, की हवा होता?

"बाग नको. बाक हवा."

"तेच विचारतोय. नको की हवा?"

सचिव खाली मान घालून लिहीत होते. पुढे इतिवृत्तात ते आलंही, की श्री. टिपणीस यांनी बागेस प्रथम विरोध व लगेच पाठिंबा दर्शवला. डावीकडे कुजबुज सुरू झाली. सत्काराच्या वेळी दूरदृष्टी पाहणारे अध्यक्ष छताकडे बघू लागले. टिपणीसांनी पुन्हा एकदा 'क'वर सगळा जोर देऊन शब्द उच्चारला, तर माइकमधून नुसता फट असा आवाज आला. चौतीस वर्षं ज्या भाषेच्या रखवालीचं काम केलं, तिच्यातला दोन अक्षरी शब्द ऐन वेळी कुणाच्या कानात शिरत नव्हता.

तेव्हा त्यांनी माइक बाजूला केला आणि मोठ्याने, तुटक तुटक सांगितलं. बायकोचे गुडघे दुखतात. करंजापर्यंत येते, पुढे जाता येत नाही. बसायला काहीतरी हवं होतं. अर्ज लिहिताना माझी चूक झाली. माझी, पालिकेची नाही.

'माझी चूक झाली' हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं हे माहीत नसल्यामुळे ते तसेच उभे राहिले.

उजवीकडून बुधाजीशेठ उठले. "अवो सायेब, बाकडा," ते म्हणाले. "बाकडा पायजे त्यांना. ताईंना बसाया. इतकं सरल हाय."

बाकडा हा शब्द माइकशिवाय सगळ्या सभागृहाला समजला. सभापतींनासुद्धा. टिपणीसांनी तो शब्द उभ्या आयुष्यात कागदावर लिहिला नव्हता, गावंढळ म्हणून. त्यांनी बुधाजीशेठकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

मग गाडं सुरळीत चाललं. निम्मा भूखंड मैदान म्हणून मोकळा ठेवायचा, हळद आणि पोपटी तिथेच. रस्त्याच्या बाजूच्या पट्ट्यात बाग. करंज तोडायचा नाही. कारंजं रद्द. आणि करंजाखाली एक बाक अवश्य द्यावा, असं सभापतींनी बजावून सांगितलं. त्या थंडीत पोपटीच्या शेंगांचा पहिला वाटा नेहमीसारखा टिपणीसांच्या घरी आला, उलट जरा जास्तच आला.

मार्चअखेर जवळ आली तशी बाग झपाट्याने उभी राहिली. माती आली, हिरवळ आली, फरशीची पायवाट आली, व्यायामाची लाल-पिवळी यंत्रं आली. फलक आला, 'फुले तोडू नयेत'. टिपणीस रोज सकाळी जाऊन बघत. बाक येत नव्हता. शेवटी ते दिपिका घरतकडे गेले. तिने मान खाली घातली. कामाचे दोन टप्पे केले होते, आणि बाक दुसऱ्या टप्प्यात पडले होते. दुसरा टप्पा कधी, हे कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, मी लिहून पाठवलंय, काका. मग फाइल मिटवत म्हणाली, मी 'बाक'च लिहिलंय.

अशा रीतीने टिपणीसांना एका बाकाच्या मागणीतून बाग मिळाली, मैदान मिळालं, शाल मिळाली, आणि बसायला जागा मिळाली नाही. ते विनिताबाईंना कसं सांगायचं याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. विनिताबाईंनी ते सांगायच्या आधीच ओळखलं आणि म्हणाल्या, जाऊ दे, सकीना येतेय आज, दूध जास्त आणा. टिपणीस दूध आणायला गेले, पण त्यांना फार वाईट वाटत होतं.

उद्घाटनाला विनिताबाई मात्र हट्टाने आल्या. दोनशे पावलं चालून आल्या. मांडवात खुर्च्या होत्या, त्यामुळे भाषणं बरी गेली. मग करंजाखाली काळ्या दगडाची कोनशिला उभी केली होती, तिच्यावरचा पडदा दूर झाला. शिलेच्या पुढे दीड फूट उंचीचा, चांगला रुंद, गुळगुळीत फरशीचा चौथरा बांधला होता, मान्यवरांचे हार ठेवायला. टिपणीसांनी पहिली ओळ वाचली आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. 'उद्यानाचे उद्धाटन'. घोड्यातला 'घ' हवा तिथे धनुष्यातला 'ध' कोरला होता. दगडात, सोनेरी रंग भरून.

ते तोंड उघडणार, एवढ्यात मान्यवर पांगले आणि मांडववाल्यांनी खुर्च्या गोळा करायला घेतल्या. ज्या खुर्चीवर विनिताबाई पुन्हा टेकणार होत्या, ती त्यांच्या डोळ्यांदेखत घडी होऊन टेम्पोत गेली. पाय भरून आले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला, हार जरा बाजूला सारले आणि त्या चौथऱ्यावर बसल्या. मागे कोनशिलेला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

पालिकेचा माळी लगबगीने आला. बाई, तिथं बसायचं नाही, म्हणू लागला. बुधाजीशेठनी त्याला हातानेच अडवलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यासाठीच बांधलाय तो."

पाच मिनिटांनी विनिताबाईंनी डोळे उघडले. उंची बेताची आहे, म्हणाल्या, गुडघ्यांना बरोबर बसते. मग उठल्या, आणि घराकडे न वळता पुढे चालू लागल्या. टिपणीस मागून चालत होते, पावलं मोजत होते, पण दीडशेच्या पुढे त्यांचा हिशेब चुकला आणि त्यांनी तो सोडून दिला. सकीना दारात उभी होती. तिने आत जाऊन आधण ठेवलं. विनिताबाईंनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला, आणि दोन्ही वेळा कपबशी उचलून ठेवायला सकीनाने त्यांना उठू दिलं नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शुद्धलेखनाची दृष्टी पनवेलात एकट्या टिपणीसांना होती असं नाही. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर कोनशिलेचा फोटो फिरू लागला. 'उद्धाटन' या शब्दाभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता. टिपणीसांना सगळ्यांनी विचारलं, काका, तुम्ही गप्प कसे? टिपणीसांनी फोन बंद करून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दिपिका घरत घरी आली. तक्रार आली होती. शिला बदलायची असेल तर नवी शिला बागेच्या फाटकाच्या भिंतीत बसवणार होते आणि करंजाखालचा चौथरा पायवाटेच्या आड येतो म्हणून तोडणार होते. "पण कुणा जाणकाराने लेखी दिलं की बदलायची गरज नाही, तर विषय संपतो," ती म्हणाली. "वरचे म्हणाले, अर्जदारालाच विचारा. त्यांना भाषेतलं कळतं."

टिपणीसांनी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलावरच्या फुलदाणीकडे पाहत होती. आतल्या खोलीत विनिताबाई चपला शोधत होत्या. आज सकीनाकडे जायची पाळी होती.

त्यांनी कोरा कागद घेतला, समास सोडला, तारीख घातली. आणि मग पेन हातात धरून बराच वेळ बसले. चौतीस वर्षांतले सगळे ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्यासमोर रांगेत उभे राहिले असावेत. शेवटी त्यांनी लिहिलं, 'सदर कोनशिलेवरील मजकूर मी स्वतः वाचला आहे. त्यात दुरुस्तीची आवश्यकता नाही.' खाली पूर्ण नाव, आणि त्याखाली सही.

दिपिकाने कागद वाचला. "म्हणजे शब्द बरोबर आहे ना, काका?"

"दुरुस्तीची आवश्यकता नाही," टिपणीस म्हणाले.

"इतकं शुद्ध पत्र आमच्याकडे पहिल्यांदाच आलं," ती म्हणाली, आणि कागद जपून फायलीत ठेवून निघाली.

बाक अजून दुसऱ्या टप्प्यात आहे. विनिताबाई एक दिवसाआड संध्याकाळी करंजाखालच्या चौथऱ्यावर पाच मिनिटं बसतात आणि पुढे सकीनाकडे जातात. त्या पाठ टेकून बसल्या की तो शब्द नेमका त्यांच्या खांद्यामागे झाकला जातो. त्या उठल्या की पुन्हा दिसतो. टिपणीस तेव्हा करंजाकडे बघतात.